हाताने बांधलेल्या गाडीचा धूरही मोजा

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, नवी दिल्ली

विषय : किट कार व हौशी बांधणीच्या वाहनांसाठी नोंदणीचा आणि वार्षिक धूर-तपासणीचा स्वतंत्र नियम करण्याबाबत

महोदय,



वाहन अभियांत्रिकी शिकवणारा आणि फावल्या वेळात गॅरेजमध्ये रमणारा मी एक शिक्षक आहे. आपण नागपूरचे, त्यामुळे हे पत्र मराठीत लिहिताना संकोच वाटत नाही. विषय लहान वाटेल, कारण त्याने बाधित होणाऱ्या गाड्यांची संख्या लहान आहे. पण कायद्यात जिथे काहीच लिहिलेले नसते, तिथे प्रामाणिक माणूस अडतो आणि अप्रामाणिक माणूस निसटतो. किट कारच्या, म्हणजे सुट्या भागांतून हाताने जोडलेल्या गाडीच्या, धुराबाबत आपल्याकडे आज नेमके हेच होत आहे.

डिसेंबर 2021मधली घटना आपल्याला आठवत असेल. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या एका कारागिराने भंगारातले भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च साधारण साठ हजार रुपये. देशभर कौतुक झाले. उद्योगपती आनंद महिंद्रांनीही कौतुक केले आणि त्याच वेळी खरी अडचण सांगितली : ही गाडी नियमांत बसत नाही, प्रशासन आज ना उद्या ती थांबवणारच. म्हणून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022मध्ये ती दिलीही. त्या कुटुंबासाठी हे चांगले झाले. पण प्रश्न सुटला नाही. पुढचा कारागीर अशी गाडी बनवेल तेव्हा त्याला बोलेरो कोण देणार? आणि ती गाडी रस्त्यावर यायला योग्य आहे की नाही, तिचा धूर किती, ब्रेक कसे, हे तपासायची सोय तरी कुठे आहे?

ती सोय नाही. कशी नाही, ते क्रमाने सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989मधला नियम 47 सांगतो, की नोंदणीच्या अर्जासोबत विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म 21, आणि रस्तायोग्यतेचा दाखला, म्हणजे फॉर्म 22, जोडावा. फॉर्म 22 देतो उत्पादक. नियम 126प्रमाणे उत्पादकाने गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. या संस्थांपैकी तीन आपल्या महाराष्ट्रात आहेत : पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी आहे. तपासणीचा खर्च त्या हजारो गाड्यांवर वाटला जातो. आयुष्यात एकच गाडी बांधणाऱ्याने तो खर्च कशावर वाटायचा? तो उत्पादक नाही, म्हणून त्याच्याकडे फॉर्म 22 नाही. फॉर्म 22 नाही, म्हणून क्रमांक नाही. आणि क्रमांक नाही, म्हणून पीयूसी, म्हणजे धूर-तपासणीचे प्रमाणपत्र, नाही.

शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबावे, ही विनंती. पीयूसी केंद्रात आज काय होते ते आपल्या खात्यानेच ठरवून दिले आहे. केंद्रचालक आधी गाडीचा क्रमांक टाकतो. वाहन पोर्टलवरून गाडीची माहिती, इंधन आणि भारत स्टेजचा टप्पा पडद्यावर येतो. मग नंबरप्लेटचा फोटो, मग सायलेन्सरमध्ये प्रोब. जून 2021पासून देशभर एकच नमुना आणि क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र मिळते. बनावट पीयूसीला आळा घालणारी ही चांगली सुधारणा आहे. पण या साखळीची पहिली कडी म्हणजे क्रमांक. ज्या गाडीला क्रमांक नाही, तिच्या सायलेन्सरपर्यंत प्रोब पोहोचतच नाही. जी गाडी सगळ्यात आधी तपासायला हवी, तीच आपल्या यंत्रणेला तपासता येत नाही.

हा झाला नव्याने बांधलेल्या गाड्यांचा गट. दुसरा गट इंजिन बदललेल्या गाड्यांचा. सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि कोकणात जुन्या जीप जिवापाड जपणारे लोक आहेत. मूळ इंजिन दमले की दुसरे बसवले जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 म्हणते, की मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून आरसीवरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा, तपशील वेगळा होईल असा बदल करू नये. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर कडक निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम 182अ अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगते. परिणाम असा, की इंजिन बदलणारा ते लपवतो. आरसीवर जुने इंजिन, बॉनेटखाली वेगळे. पीयूसीचा संगणक आरसीवरचा टप्पा धरून मर्यादा लावतो. म्हणजे मोजमाप एका इंजिनाचे आणि मापदंड दुसऱ्याचा. अशा मोजमापातून हवेचे काय भले होणार?

इथे थोडे आकडे मांडतो, कारण सगळा प्रश्न त्यांच्यातच आहे. नियम 115प्रमाणे पेट्रोलच्या चारचाकीची आयडलिंगवरची मर्यादा अशी : भारत स्टेज दोनच्या आधीच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1,500 पीपीएम. स्टेज दोनपासून पुढे 0.5 टक्के आणि 750 पीपीएम. स्टेज चारपासून 0.3 टक्के आणि 200 पीपीएम, शिवाय इंजिनाच्या वाढवलेल्या फेऱ्यांवर लॅम्डाची, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाची, तपासणी. कार्बन मोनॉक्साइडच्या पहिल्या आणि शेवटच्या मर्यादेत दहापट अंतर आहे. हे अंतर चालकाच्या काळजीमुळे पडलेले नाही. ते इंजिनाच्या जातीमुळे पडले आहे.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण जेट आणि स्क्रू ठरवतात. उत्तम ट्यूनिंग केले तरी ते थोडे दाट, थोडे पातळ होत राहते. नव्या इंजिनात सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. तो क्षणाक्षणाला संगणकाला कळवतो आणि इंजेक्टर मिश्रण साधारण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल या मेळावर ठेवतात. हा मेळ राहिला तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपले काम नीट करतो. तोही तापल्यावरच, थंड असताना नाही. हातबांधणीच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. एक्झॉस्ट आखूड असतो, बऱ्याचदा दाराखालून बाजूला काढलेला. प्रोब पुरेसा आत गेला नाही, किंवा एखादा सांधा गळका राहिला, तर बाहेरची हवा नमुन्यात मिसळते. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा खोटा कमी दिसतो आणि लॅम्डा खोटी जास्त. म्हणजे वाईट गाडी उत्तीर्ण आणि चांगली गाडी नापास, दोन्ही होऊ शकते. म्हणून अशा गाडीला कोणती मर्यादा लागू आणि ती कशी मोजायची, ही दोन्ही उत्तरे लेखी असायला हवीत. पीयूसी केंद्रातल्या मुलाच्या अंदाजावर ती सोडता येणार नाहीत.

ज्या देशात किट कारची परंपरा जुनी आणि घट्ट आहे, त्या ब्रिटनने ही उत्तरे कशी दिली ते पाहण्यासारखे आहे. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही किट कार 1957ची. त्या काळी तयार गाडीवर खरेदीकर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून माणसे संच आणून घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडत. 1973मध्ये करपद्धती बदलली, तो फायदा गेला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण हौस टिकली. हजारो माणसे गाड्या बांधत राहिली आणि सरकारला नियम करावे लागले.

त्यांची एमओटी, म्हणजे वार्षिक रस्तायोग्यता तपासणी, 1960मध्ये सुरू झाली. सुरुवातीला फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांसाठी, आणि तीही ब्रेक, दिवे, स्टिअरिंग इतकीच. 1967पासून ती तीन वर्षांवरच्या गाड्यांना लागू झाली. 1991मध्ये पेट्रोल गाड्यांच्या धुराची मोजणी तीत आली. मर्यादा वयानुसार ठरल्या. ऑगस्ट 1975च्या आधीच्या पेट्रोल गाडीचा धूर डोळ्यांनी पाहायचा. त्यानंतर 1986पर्यंतच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के, 1992पर्यंतच्या गाडीला 3.5 टक्के. पुढच्या कॅटॅलिस्टच्या गाड्यांना त्याहून कितीतरी कडक.

आता प्रश्न आला किट कारचा. गाडी आज जोडलेली, पण इंजिन वीस वर्षांपूर्वीचे. वय कोणाचे धरायचे? ब्रिटनने 1998मध्ये एकेका गाडीची स्वतंत्र मंजुरी सुरू केली. 2009पासून तिची जागा आयव्हीए या चाचणीने घेतली. गाडी रस्त्यावर येण्याआधी सरकारी केंद्रात एकदा नीट तपासली जाते : ब्रेक, सीटबेल्टच्या पट्ट्यांचे आधार, आरसे, टोकदार कडा, आवाज आणि धूर. इंजिन कोणत्या सालचे, याचा पुरावा बांधणाऱ्याने द्यायचा. त्यावरून धुराची मर्यादा ठरते आणि ती गाडीच्या नोंदणीपत्राशी जोडली जाते. पुढे दरवर्षी एमओटी करणाऱ्या तपासनिसाला वाद घालावा लागत नाही. कागदावर लिहिलेली मर्यादा तो लावतो. जिचे वय ठरवताच येत नाही, अशा गाडीला क्यू अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. नंबरप्लेट पाहूनच कळते, की ही गाडी वेगळी आहे.

ब्रिटनची ही पद्धत मला जशीच्या तशी नको आहे, हे स्पष्ट सांगतो. तिथे जुन्या गाडीत वेगळे इंजिन बसवले, तर ठरावीक सालापर्यंतच्या गाड्यांना गाडी आणि इंजिन यांपैकी जे जुने, त्याची मर्यादा लागते. यात पळवाट आहे. जुने इंजिन मुद्दाम शोधून सैल मर्यादा मिळवता येते. आपल्या शहरांची हवा ही मोकळीक देण्याजोगी नाही. दिल्ली, मुंबई, पुण्यात हिवाळ्यात श्वास घेणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. मला ब्रिटनकडून घ्यायचे आहे ते एकच तत्त्व : कोणती मर्यादा लागू, हे नोंदणीच्या वेळी एकदा ठरवा, कागदावर लिहा आणि मग दरवर्षी न चुकता तपासा.

महोदय, आपल्याच खात्याने असे वेगळे दालन याआधी उघडले आहे. जुलै 2021मध्ये पन्नास वर्षांवरील व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम झाले : राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए असलेला क्रमांक, नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. सीएनजी आणि एलपीजीच्या किटना मंजुरी देण्याची व्यवस्था आहे. वेगळ्या गॅरेजात बॉडी बांधणाऱ्यासाठी फॉर्म 22-अ आहे. 2018मध्ये परदेशी मानकांची मंजुरी असलेल्या गाड्या, वर्षाला 2,500पर्यंत, इथली मंजुरी पुन्हा न घेता आणण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. जुन्या गाडीच्या संग्राहकाला, किट बसवणाऱ्याला, आयातदाराला दालन आहे. स्वतःच्या हाताने गाडी बांधणाऱ्यालाच तेवढे नाही.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे : अशाने जुगाड गाड्यांना मोकळे रान मिळेल. उत्तर भारतात पाणी उपसायच्या इंजिनावर चालणाऱ्या, धड ब्रेक नसलेल्या जुगाडांनी माणसे मारली आहेत. 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हे मोटार वाहनच आहे आणि नियम पाळल्याशिवाय ते रस्त्यावर येऊ देऊ नये, असे बजावले. मी त्या निकालाच्या बाजूने आहे. जुगाड वाईट ठरते कारण ते कोणत्याच तपासणीतून गेलेले नसते. मी मागतो आहे ती तपासणीच. जी गाडी तपासणीत उतरणार नाही, ती रस्त्यावर येऊ नये, मग ती कितीही कौतुकाची असो.

दुसरा आक्षेप न्यायालयीन. 31 मार्च 2020नंतर स्टेज सहाच्या खालचे वाहन विकायचे नाही आणि नोंदवायचे नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2018चा आदेश आहे. मी त्याला सूट मागत नाही. आज नवी बांधली जाणारी गाडी स्टेज सहाच्या इंजिनावरच बांधली जावी. इंजिन, संगणक, ऑक्सिजन सेन्सर, कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ अडवणारा कॅनिस्टर, हा सगळा संच एकाच गाडीतून आलेला असावा, तुकड्यातुकड्यांनी जमवलेला नसावा. अपघातात मोडलेल्या नव्या गाड्यांचे असे संच भंगारात निघतात. त्यांचा उगम नोंदवता येईल. हे कठीण नाही.

तिसरा आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पीयूसी ही पुरेशी तपासणी आहे का? आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. फिटनेस तपासणी त्यानंतरच, नूतनीकरणाच्या वेळी. मधल्या काळात गाडी सरकारला वर्षातून एक-दोनदा दिसते, ती पीयूसी केंद्रात. कंपनीच्या गाडीला हे चालते, कारण तिच्या नमुन्याची कसून चाचणी आधी झालेली असते. हाताने बांधलेल्या गाडीला हे चालणार नाही. तिचे वेल्डिंग, ब्रेकच्या नळ्या, एक्झॉस्टचे सांधे एकाच माणसाच्या हातचे आहेत. तिला दरवर्षी पूर्ण तपासणी लागू करा. धुरासोबत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, गळती, सगळे. व्यावसायिक वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेतच. त्याच केंद्रांत ही गाडीही जाईल. गाडी बांधणारे लोक या कडकपणाला नाही म्हणणार नाहीत. ज्याने रात्री जागून चॅसी जोडली, त्याला ती तपासून घ्यायची भीती नसते. त्याला भीती असते ती नियमच नसलेल्या देशात नियमभंगाचा गुन्हेगार ठरण्याची.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

1. हौशी बांधणीचे वाहन, अशी स्वतंत्र वर्गवारी केंद्रीय मोटार वाहन नियमांत घालावी. एका व्यक्तीला ठरावीक वर्षांत एकच वाहन, बिगर-व्यावसायिक, विक्रीवर काही वर्षे बंदी, वेगळ्या खुणेचा क्रमांक.

2. नोंदणीपूर्वी एका गाडीची स्वतंत्र चाचणी एआरएआय, सीआयआरटी, व्हीआरडीई यांसारख्या संस्थांत, परवडणाऱ्या ठरावीक शुल्कात व्हावी. प्रयोगशाळेतली संपूर्ण सायकल नको. सायलेन्सरवर दोन फेऱ्यांवरची मोजणी, लॅम्डा आणि ओबीडीची, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या दोषसंकेतांची, नोंद पुरे. तात्पुरता चाचणी-क्रमांक द्यावा, म्हणजे वाहन पोर्टल तिला ओळखेल.

3. नव्या बांधणीला स्टेज सहाचे इंजिन, पूर्ण संचासह, सक्तीचे करावे. विजेवर चालणाऱ्या बांधणीसाठी बॅटरी-सुरक्षेची सध्याची मानके लावावीत.

4. इंजिन बदललेल्या जुन्या गाड्यांना एकदाच, ठरावीक मुदतीत, जाहीर करण्याची संधी द्यावी. गाडी आणि इंजिन यांपैकी जे नवे, त्याची मर्यादा लावावी. ब्रिटनच्या उलट.

5. लागू मर्यादा आरसीवर आकड्यांत छापावी : कार्बन मोनॉक्साइड किती, हायड्रोकार्बन किती, लॅम्डा तपासायची की नाही. पीयूसीचा संगणक तीच उचलेल.

6. आखूड आणि बाजूने काढलेल्या एक्झॉस्टसाठी प्रोबची खोली, जोडनळी आणि गळतीची तपासणी यांचे लेखी निर्देश केंद्रांना द्यावेत. तपासणीआधी इंजिन आणि कन्व्हर्टर पुरेसे तापलेले असावेत, हेही त्यात असावे.

7. पूर्ण रस्तायोग्यता तपासणी दरवर्षी, पहिल्या वर्षापासून.

यात सरकारी तिजोरीवर भार नाही. शुल्क बांधणारा भरेल. यंत्रे आहेत, संस्था आहेत, संगणकाची प्रणाली आहे. लागते ती एक अधिसूचना.

आणि लाभ फक्त हौशी लोकांचा नाही. दरवर्षी पीथमपूरच्या बाहा स्पर्धेत आणि कोइंबतूरच्या फॉर्म्युला भारतमध्ये देशभरातली अभियांत्रिकीची मुले स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन उतरतात. त्यांत महाराष्ट्रातल्या मुलांचा वाटा मोठा असतो. चॅसी जोडणे, सस्पेन्शनचे गणित, इंजिनाचे ट्यूनिंग, सगळे त्यांच्या हातचे. स्पर्धा संपते आणि तिथेच रस्ता संपतो. त्या मुलांना पुढे स्वतःची एक गाडी रस्त्यावर आणता येते हे माहीत असते, तर ती धूर कमी कसा करायचा हे परीक्षेपुरते नव्हे, गरज म्हणून शिकली असती. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर, इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन घालून, बांधून दाखवली आहे. गोव्यात सॅनची स्टॉर्म बनली. छोट्या प्रमाणावर, हाताने, चांगली गाडी बांधायचे कौशल्य या किनाऱ्यावर आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि सांगलीच्या लोहारशाळांत ते पिढ्यान्पिढ्या आहे. त्याला कायद्याच्या आत जागा दिली, तर ते शिस्तीत वाढेल. बाहेर ठेवले, तर लपून वाढेल आणि त्याचा धूर कोणीच मोजणार नाही.

महोदय, इंधन, इथेनॉल, वीज, भंगार धोरण या विषयांवर आपण इतरांच्या आधी बोलता आणि अधिसूचनाही काढता. या विषयाचा मसुदाही आपल्या खात्याने तयार करावा आणि नेहमीप्रमाणे हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. आमच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, आमचे विश्लेषक, आमचे विद्यार्थी आकडेवारी गोळा करायला विनामोबदला उपलब्ध आहेत. आम्हाला सूट नको. आमच्या गाड्यांना क्रमांक द्या, मर्यादा लिहून द्या आणि दरवर्षी तपासा. उतरली तर चालू द्या, नाही उतरली तर थांबवा.

आपला,
वाहन अभियांत्रिकीचा एक शिक्षक,
कोल्हापूर